निळ्या गोळीचे ओझे

अडीचशे किलो वजन म्हणजे नेमके किती? सिमेंटची पाच पोती डोळ्यांसमोर आणा. ही पाच पोती एकाच दांड्याला अडकवली आहेत, एका माणसाने ती जमिनीवरून उचलून आधी खांद्यावर घेतली आहेत आणि मग एका झटक्यात दोन्ही हात ताठ करून डोक्यावर तोलून धरली आहेत, अशी कल्पना करा. ११ एप्रिल १९७६ रोजी पूर्व बर्लिनमध्ये एका पंचविशीतही न पोहोचलेल्या तरुणाने हे केले. नेमका आकडा होता २५२.५ किलो. क्लीन अँड जर्क या प्रकारातला तो त्या दिवशीचा जागतिक विक्रम होता. त्या तरुणाचे नाव गेर्ड बोंक.

हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. त्या काळातल्या वेटलिफ्टिंगचा विषय निघाला, की रशियाचा वासिली अलेक्सेयेव आठवतो, त्याचे अवाढव्य पोट आठवते आणि त्याचे ऐंशी विक्रम आठवतात. बोंक हा त्याच्या सावलीत राहिलेला गडी. ऑलिम्पिकचे सुवर्णपदक त्याला कधीच मिळाले नाही. एक रौप्य आणि एक कांस्य एवढीच त्याची कमाई. तरीही विसाव्या शतकातल्या खेळाचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर मला अलेक्सेयेवपेक्षा बोंकची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. कारण ही गोष्ट एका माणसाच्या ताकदीची जेवढी आहे, तेवढीच त्या ताकदीवर मालकी सांगणाऱ्या एका राज्यसंस्थेचीही आहे.

दोन जर्मनींमधली शर्यत

गेर्ड बोंकचा जन्म २६ ऑगस्ट १९५१ रोजी साक्सनीमधल्या लिंबाख या गावी झाला. त्याच्या जन्माच्या वेळी त्याचा देश जेमतेम दोन वर्षांचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली आणि १९४९ मध्ये रशियाच्या ताब्यातील भागात जर्मन लोकशाही प्रजासत्ताक, म्हणजे आपण ज्याला पूर्व जर्मनी म्हणत असू, ते राज्य स्थापन झाले. नावात लोकशाही होती, पण कारभार एका पक्षाचा होता. लोकसंख्या सुमारे पावणेदोन कोटी. पलीकडची पश्चिम जर्मनी तिच्या तिपटीहून मोठी आणि कितीतरी श्रीमंत. शिवाय पश्चिम जर्मनीचे म्हणणे असे, की पूर्वेकडचे हे राज्य खरे राज्यच नव्हे. बिगर-कम्युनिस्ट जगातले बहुतेक देश अनेक वर्षे त्याला मान्यता द्यायला तयार नव्हते.

ज्याला घरच्या कार्यात कुणी पाटावर बसवत नाही, तो गावच्या जत्रेत कुस्ती मारून नाव काढायला बघतो. पूर्व जर्मनीने तेच केले. मोटारी, कापड किंवा यंत्रे यांच्या बाजारात पश्चिमेशी बरोबरी होणार नव्हती. मैदानावर मात्र होऊ शकत होती. १९५६ ते १९६४ या काळात ऑलिम्पिकमध्ये दोन्ही जर्मनींचा मिळून एकच संघ जात असे. १९६८ मध्ये मेक्सिकोत पूर्व जर्मनीचा संघ प्रथमच स्वतंत्रपणे उतरला आणि १९७२ मध्ये म्युनिकला, म्हणजे थेट पश्चिम जर्मनीच्या अंगणात, तो स्वतःचा ध्वज आणि स्वतःचे राष्ट्रगीत घेऊन गेला. त्या स्पर्धेत पूर्व जर्मनीने २० सुवर्णपदके मिळवली, यजमानांनी १३. पुढच्याच वर्षी दोन्ही जर्मनी संयुक्त राष्ट्रसंघात दाखल झाल्या. ते सदस्यत्व राजकीय वाटाघाटींमुळे मिळाले, पदकांमुळे नव्हे. पण राज्यकर्त्यांच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्या, यात नवल नाही.

या यशामागे एक पद्धतशीर यंत्रणा होती. शाळाशाळांतून मुलांची उंची, वजन, हातापायांची लांबी मोजली जाई. होतकरू मुलांना खास क्रीडाशाळांत घातले जाई. तिथे वसतिगृह, आहार, प्रशिक्षक, डॉक्टर सगळे सरकारी. या साऱ्याच्या वर बसले होते मानफ्रेड एवाल्ड. १९६१ ते १९८८ अशी सत्तावीस वर्षे ते पूर्व जर्मनीच्या क्रीडासंघटनेचे प्रमुख होते. कोणत्या खेळाला किती पैसा द्यायचा, याचा हिशेब सरळ होता. एका संघाला अकरा किंवा पंधरा माणसे पाठवून एकच पदक मिळते, असले खेळ मागे पडत. जिथे एकेक खेळाडू एकेक पदक आणू शकतो, ते खेळ पुढे येत. पोहणे, धावणे, फेकीचे प्रकार, वल्हवणे आणि अर्थातच वेटलिफ्टिंग.

बोंक कार्ल-मार्क्स-श्टाट या शहराच्या क्रीडा क्लबचा खेळाडू होता. या शहराचे मूळ नाव केम्निट्स. १९५३ मध्ये सरकारने ते बदलले आणि १९९० मध्ये शहराने जुने नाव परत घेतले. नाव पुन्हा मिळवता येते. बोंकच्या वाट्याला जे आले, त्यातले काही परत मिळण्यासारखे नव्हते.

म्युनिकचा चौथरा

म्युनिक ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले त्या दिवशी, २६ ऑगस्ट १९७२ रोजी, बोंकला एकविसावे वर्ष पूर्ण झाले. तो सर्वांत जड वजनगटात उतरला होता. तेव्हा वेटलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार असत. प्रेस म्हणजे खांद्यावरून केवळ हातांच्या जोरावर वजन वर नेणे. स्नॅच म्हणजे जमिनीवरून एकाच ओढीत डोक्यावर. आणि क्लीन अँड जर्क म्हणजे आधी खांद्यावर, मग डोक्यावर. तिन्हींची बेरीज करून क्रमांक ठरे. प्रेसमध्ये कंबर मागे वाकवून चोरटी मदत घेण्याचे प्रमाण फार वाढले होते, म्हणून म्युनिकनंतर तो प्रकारच बंद झाला.

अलेक्सेयेवने एकूण ६४० किलो उचलून सुवर्ण घेतले. दुसरा आला पश्चिम जर्मनीचा रुडोल्फ मांग, ६१० किलो. तिसरा बोंक, ५७२.५ किलो. त्या चौथऱ्यावर मधोमध रशियन आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन जर्मन उभे होते. दोघे जवळपास एकाच वयाचे आणि एकच भाषा बोलणारे. पण त्यांच्यासाठी वर चढलेले झेंडे वेगळे. मांग बव्हेरियातल्या बेलेनबर्ग या छोट्या गावचा. म्युनिक हे त्याच्याच राज्याचे शहर, त्यामुळे प्रेक्षकही त्याचे. बोंकसाठी ते परक्या देशातले शहर होते.

यानंतर बोंकचा आलेख वरवर चढत गेला. १९७५ मध्ये त्याने क्लीन अँड जर्कमध्ये २४६.५ किलोचा जागतिक विक्रम केला. पुढच्या एप्रिलमध्ये पूर्व बर्लिनला, आपल्या माणसांसमोर, २५२.५ किलो. अलेक्सेयेवच्या हातून कुणीतरी विक्रम काढून घेऊ शकतो, हेच त्या वेळी विशेष होते. तीन महिन्यांनी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये दोघे पुन्हा समोरासमोर आले. अलेक्सेयेवने स्नॅचमध्ये १८५ आणि क्लीन अँड जर्कमध्ये २५५ अशी ४४० किलोंची बेरीज केली आणि जाता जाता बोंकचा विक्रमही परत घेतला. बोंकने १७० आणि २३५, एकूण ४०५ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. कांस्यपदकही पूर्व जर्मनीच्याच हेल्मुट लोशला मिळाले.

माँट्रियलमध्ये पूर्व जर्मनीने ४० सुवर्णपदके जिंकली. पावणेदोन कोटींचा हा देश पदकतालिकेत रशियाच्या खालोखाल आणि अमेरिकेच्या वर आला. महिलांच्या जलतरणात १३ पैकी ११ सुवर्णपदके त्यांची. जगभरच्या वर्तमानपत्रांनी या चमत्कारावर रकानेच्या रकाने लिहिले. त्याच स्पर्धेत एक नवी गोष्ट घडत होती, तिच्याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. ऑलिम्पिकमध्ये प्रथमच स्टेरॉइडसाठी तपासणी सुरू झाली होती. आठ खेळाडू सापडले आणि त्यांतले सात वेटलिफ्टर होते. बल्गेरियाच्या आणि पोलंडच्या प्रत्येकी एका विजेत्याला सुवर्णपदक परत करावे लागले. सापडलेल्या त्या आठ जणांमध्ये पूर्व जर्मनीचा एकही खेळाडू नव्हता.

योजना क्रमांक १४.२५

पूर्व जर्मनीचे खेळाडू निर्मळ होते, असा याचा अर्थ नव्हता. त्यांच्या गोळ्या कधी सुरू करायच्या आणि स्पर्धेच्या किती दिवस आधी बंद करायच्या, याचा हिशेब डॉक्टरांकडे होता, एवढाच त्याचा अर्थ.

येना या शहरातली येनाफार्म ही सरकारी औषध कंपनी ओरल-टुरिनाबोल नावाची गोळी बनवत असे. पुरुषांच्या शरीरात नैसर्गिकरीत्या तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे ते कृत्रिम भावंड. आजारपणातून उठलेल्या, अंगातले मांस झडलेल्या रुग्णांना पुन्हा उभे करण्यासाठी असले औषध उपयोगी पडते. निरोगी खेळाडूला दिले, तर स्नायू भराभर वाढतात, जड व्यायामाने आलेला थकवा लवकर उतरतो आणि आणखी जड व्यायाम करता येतो. पण पोटातून घेतलेली ही गोळी यकृतात सहजासहजी विरघळू नये, म्हणून तिच्या रासायनिक रचनेत जो बदल केलेला असतो, त्याचा भार यकृतालाच सोसावा लागतो. हृदय, रक्तवाहिन्या आणि शरीरातील संप्रेरकांचा सारा तोल यांच्यावर होणारा परिणाम वेगळाच.

१९७४ मध्ये या प्रकाराला सरकारी योजनेचे रूप आले. कागदोपत्री तिचे नाव होते ‘राज्य योजना, विषय १४.२५’. त्यात डॉक्टर होते, संशोधन संस्था होत्या, क्रीडासंघटना होती आणि साऱ्यांवर नजर ठेवायला श्टाझी हे गुप्त पोलिस खाते होते. कागदपत्रांत डोपिंग हा शब्द वापरत नसत. ‘साहाय्यक साधने’ असे सोज्वळ नाव होते. अनेक लहान मुलींना या निळ्या गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून दिल्या गेल्या. घरी आईवडिलांना सांगायचे नाही, अशी ताकीद असे. १९७७ मध्ये हेलसिंकीच्या स्पर्धेत पूर्व जर्मनीची गोळाफेकपटू इलोना स्लुपियानेक तपासणीत सापडली. त्यातून सरकारने जो धडा घेतला, तो असा: परदेशी जाणाऱ्या खेळाडूंची आधी आपणच तपासणी करायची. ड्रेस्डेनजवळच्या क्रायशा इथल्या प्रयोगशाळेत हे काम चाले. चोर पकडण्यासाठी असलेली प्रयोगशाळा चोरी उघडी पडणार नाही ना, एवढे पाहण्यासाठी वापरली गेली. ज्याच्या नमुन्यात औषधाचा अंश उरला असेल, तो अचानक ‘जखमी’ होऊन घरी राही.

या योजनेखाली सुमारे दहा हजार खेळाडू आले, असा अंदाज केला जातो. त्यांत गेर्ड बोंक हे नाव एका आकड्यामुळे वेगळे उठून दिसते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याला एका वर्षात १२,७७५ मिलिग्रॅम ओरल-टुरिनाबोल देण्यात आले, अशी नोंद आहे. पूर्व जर्मनीच्या कागदपत्रांतून बाहेर आलेल्या सर्वांत मोठ्या मात्रांमध्ये ती मोजली जाते. आपण साधा भागाकार करून पाहू. वर्षाचे ३६५ दिवस धरले, तर दिवसाला बरोबर ३५ मिलिग्रॅम पडतात. निळी गोळी पाच मिलिग्रॅमची असे. म्हणजे रोज सात गोळ्या, वर्षाला २,५५५. प्रत्यक्षात गोळ्या काही आठवडे चालू, काही आठवडे बंद अशा हप्त्यांनी दिल्या जात. तेव्हा चालू दिवसांतली मात्रा याहूनही मोठी असणार.

मला या आकड्याची भीती वाटते ती त्याच्या नेमकेपणामुळे. कुणीतरी तो मोजला होता, वहीत लिहिला होता, त्याची बेरीज केली होती. आखाड्याच्या कोपऱ्यात चोरून सुई टोचणारा एखादा भोंदू वस्ताद असे हिशेब ठेवत नाही. इथे शिकलेसवरलेले डॉक्टर होते. या प्रयोगांवर गुप्त प्रबंध लिहून त्यांतल्या काहींनी पदव्याही मिळवल्या. औषधांचे दुष्परिणाम त्यांना माहीत होते, कारण तेही त्यांनीच नोंदवून ठेवले होते.

उतरण

१९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये पूर्व जर्मनीच्या संघात बोंक नव्हता. सर्वांत जड गटात रौप्यपदक मिळाले ते त्याच्याच देशाच्या युर्गेन हॉयझरला. यंत्रणेजवळ पुढचा माणूस तयार होता. सरकारी आखाड्याचे हेच वैशिष्ट्य असते. एक पैलवान थकला, की त्याच्या नावापुढे रेघ मारून दुसरे नाव लिहिता येते. थकलेल्या पैलवानाला मात्र त्याच शरीरात उरलेले आयुष्य काढायचे असते.

बोंकला मधुमेह जडला आणि तो बळावत गेला. मूत्रपिंडे आणि इतर अवयव निकामी होत गेले. ज्याने अडीचशे किलो डोक्यावर तोलले होते, तो माणूस चाकाच्या खुर्चीत बसला. काम करण्याचे वय असतानाच तो अपंगांच्या पेन्शनवर आला. पूर्व जर्मनीने आपल्याला जाळून घेतले आणि एकत्र झालेली जर्मनी आपल्याला विसरली, अशी त्याची कैफियत होती. यातला दुसरा भाग मला अधिक बोचतो. पहिला अन्याय करणारे राज्य १९९० मध्ये नकाशावरून गेले, दुसऱ्याचे काय?

९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत पडली आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाल्या. श्टाझीच्या कचेऱ्यांत कागद फाडण्याची घाई सुरू होती. अशा वेळी हायडेलबर्गचे एक जीवशास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके आणि त्यांच्या पत्नी ब्रिगिटे बेरेंडोंक या दोघांनी मोठे काम केले. बेरेंडोंक स्वतः थाळीफेकपटू. त्या पूर्वेतच वाढल्या होत्या आणि १९५८ मध्ये कुटुंबासह पश्चिमेत पळून आल्या होत्या. बाड झारोव इथल्या लष्करी वैद्यकीय अकादमीत ते गुप्त प्रबंध फ्रांके यांच्या हाती लागले. १९९१ मध्ये बेरेंडोंक यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि खेळाडूंची नावे, तारखा, मिलिग्रॅम सारे जगापुढे आले. त्यांच्यावर खटले भरण्याच्या धमक्या आल्या, शिव्याशाप मिळाले. पण कागद बोलत होते. हे दांपत्य नसते, तर आज बोंकचा तो पाच आकडी हिशेब आपल्याला माहीतच झाला नसता.

पुढे बर्लिनमध्ये खटले चालले. १८ जुलै २००० रोजी मानफ्रेड एवाल्ड आणि क्रीडावैद्यक सेवेतील वरिष्ठ डॉक्टर मानफ्रेड होप्नर यांना न्यायालयाने दोषी ठरवले. एवाल्डना २२ महिने आणि होप्नरना १८ महिने अशी शिक्षा झाली, पण दोन्ही स्थगित. म्हणजे तुरुंगाचे दार कुणी पाहिले नाही. या खटल्यात साक्ष देणाऱ्यांमध्ये आंद्रेआस क्रिगर होते. १९८६ मध्ये हायडी क्रिगर या नावाने त्यांनी महिलांच्या गोळाफेकीत युरोपचे सुवर्णपदक जिंकले होते. पौगंडवयापासून दिलेल्या संप्रेरकांनी आपल्या शरीराचे आणि ओळखीचे काय केले, ते त्यांनी न्यायालयाला सांगितले.

२००२ मध्ये जर्मन संसदेने बळी पडलेल्या खेळाडूंसाठी कायदा केला. मान्यता मिळालेल्या १९४ जणांना प्रत्येकी दहा हजार युरोंच्या थोडी वर रक्कम एकदाच देण्यात आली. २००६ मध्ये येनाफार्मनेही, तोवर ती खाजगी मालकीची झाली होती, पीडितांशी तडजोड करून प्रत्येकी ९,२५० युरो दिले. २०१६ मध्ये दुसरा कायदा झाला आणि आणखी बळींना प्रत्येकी १०,५०० युरो मिळण्याची सोय झाली. पण तोपर्यंत गेर्ड बोंक हयात नव्हता. २० ऑक्टोबर २०१४ रोजी थुरिंगियातल्या ग्राइत्स या गावी, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

बळी की भागीदार?

आता एक अवघड प्रश्न विचारायला हवा. दहा-बारा वर्षांच्या पोहणाऱ्या मुलींना फसवून गोळ्या दिल्या, त्या निःसंशय बळी. पण बोंक तर वाढलेला पुरुष होता. पदके, नाव, समाजवादी देशात सहजी न मिळणाऱ्या सवलती, हे सारे त्या गोळ्यांच्या बरोबरीने येत होते. मग तो बळी कसा? आणि त्याच्या मागे चौथ्या-पाचव्या क्रमांकावर जो प्रामाणिक खेळाडू राहिला असेल, त्याचे काय?

या प्रश्नाला ‘बिचारा बोंक’ एवढे उत्तर पुरत नाही. चौथ्या क्रमांकावरच्या माणसाचा हक्क मारला गेला, ही वस्तुस्थिती आहे. माँट्रियलची पदकतालिका आजही तशीच आहे. त्या काळातल्या पूर्व जर्मनीच्या पदकांना ऑलिम्पिक समितीने हात लावलेला नाही. पण बोंकच्या बाजूने दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक म्हणजे, आपण काही घेतो आहोत हे ठाऊक असणे आणि ते आपल्या शरीराचे काय करणार आहे हे ठाऊक असणे, यांत फार अंतर आहे. पहिली माहिती खेळाडूकडे असू शकते. दुसरी डॉक्टरांच्या वहीत होती आणि ती वही कुलूपबंद होती. दुसरी गोष्ट नकाराची. जिथे क्लब सरकारचा, प्रशिक्षक सरकारचा, नोकरी सरकारची, घर सरकारचे आणि सीमेवर भिंत, तिथे ‘मला नको’ म्हणणाऱ्याने जायचे कुठे? संमती खरी आहे की नाही, हे पाहण्यासाठी एकच कसोटी असते: नकार देता येत होता का?

पश्चिमेने नाक मुरडण्यातही फारसा अर्थ नाही. बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दिसून आले, की पश्चिम जर्मनीतही सरकारी पैशातून अशा औषधांवर संशोधन होत होते आणि पदकांच्या हव्यासापायी अनेकांनी डोळे मिटून घेतले होते. फरक होता तो सक्तीचा आणि आवाक्याचा. इकडे वरून हुकूम येई. तिकडे दार नुसते उघडे ठेवलेले असे.

आणि ही गोष्ट भिंतीबरोबर संपली, असेही नाही. ओरल-टुरिनाबोल शरीरातून काही दिवसांतच नाहीसे होते, असे पूर्वी समजले जाई. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचे दीर्घकाळ टिकणारे अंश ओळखण्याची पद्धत शोधली. मग २००८ च्या बीजिंग आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले गेले. २०१६ पासून एकामागून एक नावे बाहेर येऊ लागली आणि त्यांत वेटलिफ्टरांची रांगच्या रांग होती. अनेकांच्या नमुन्यांत सापडलेले द्रव्य होते तेच, येनाच्या कारखान्यातले. कारखान्याने ही गोळी बनवणे बंद करून तेव्हा वीसहून अधिक वर्षे झाली होती. ज्या राज्याने ती घडवली ते राज्य उरले नव्हते. गोळी मात्र टिकून होती.

वेटलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९३ मध्ये सारे वजनगट बदलले, नंतरही पुन्हा बदलले, आणि जुने विक्रम बासनात गेले. त्यामुळे बोंकचा २५२.५ किलोचा आकडा आज चालू विक्रमांच्या कुठल्याही यादीत नाही. तो मोडला तर तीन महिन्यांतच गेला होता. पण १२,७७५ हा त्याच्या नावावरचा दुसरा आकडा आहे आणि तो मोडला जाऊ नये, असेच आपण म्हणू.

आज आपल्या तालुक्याच्या गावीही व्यायामशाळा निघाल्या आहेत. आरशासमोर दंडाचा घेर मोजणाऱ्या पोरांना झटपट शरीर कमावून देतो म्हणणारे लोक तिथेही भेटतात. त्यांच्या हातातल्या गोळीचा रंग निळाच असेल असे नाही. भारतात २०२२ मध्ये उत्तेजकविरोधी कायदा झाला, हे चांगलेच झाले; पण कायदा पोहोचतो तो स्पर्धेच्या मैदानापर्यंत. व्यायामशाळेत जाणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कुणीतरी आधीच सांगायला हवे, की शरीर हे कर्जाऊ मिळत नाही. समोरचा गोळी पुढे करील, तेव्हा एवढेच विचारावे: याचे परिणाम लिहून ठेवलेली वही कुणाकडे आहे, आणि ती मला वाचायला मिळेल का? गेर्ड बोंकला ती वाचायला मिळाली नाही. त्याने उचललेले प्रत्येक वजन पंचांचा इशारा होताच खाली टाकता येत होते. हे एक ओझे मात्र त्याला शेवटपर्यंत खाली ठेवता आले नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)